धाकटीचा दुसरा आवाज

चर्चच्या पाळकसाहेबांचा पांढरा झगा मशीनमधून गुलाबी निघाला आणि लाँड्रीतल्या दोघी जावांचं बोलणं बंद झालं. आता तुम्ही म्हणाल, एवढ्यातेवढ्यावरून कुणी बोलणं टाकतं का? टाकतात बरं, टाकतात. माणसाला अबोला धरायला रुमालाएवढं कारणही पुरतं. इथं तर अख्खा झगा होता, गळ्यापासून घोट्यापर्यंत.

लाँड्री दोघा भावांची. थोरला भाऊ धुलाईच्या मशीनशी, धाकटा पुढे गिऱ्हाइकांशी, आणि मधल्या खोलीत दोन इस्त्रीच्या टेबलांशी समोरासमोर त्यांच्या बायका. अख्खी गल्ली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची. धाकटीलासुद्धा आता केस पिकल्यावर कुणी धाकटी म्हणावं असं राहिलेलं नव्हतं, पण घरात एकदा धाकटं म्हणून आलं की माणूस शेवटपर्यंत धाकटंच राहतं, त्याला इलाज नाही.

कामाची वाटणी ठरलेली होती. आलेल्या कपड्यांचे खिसे धाकटीनं तपासायचे, मग थोरलीनं रंग बघून ढीग वेगळे करायचे. झग्याला आतल्या बाजूनं एक खिसा होता आणि त्या खिशात पाळकसाहेबांचा किरमिजी रुमाल होता. धाकटीनं खिसा पाहिला नाही. "देवाच्या माणसाच्या झग्यात हात कसा घालायचा? तो काय भुरट्या चोराचा कोट आहे?" असं तिचं म्हणणं. आणि रुमालाचं टोक खिशाबाहेर लोंबत होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं, हेही तिचंच म्हणणं. थोरलीचं म्हणणं असं की खिशातल्या वस्तूंची जबाबदारी खिसेवालीची, मग ती वस्तू लोंबत असो नाहीतर नाचत असो.

पाळकसाहेब बिचारे सज्जन. त्यांनी झगा अंगावर धरून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे की. जरा उबदार वाटतो." दोन वेळा ब्लीचमध्ये घातला, तर गुलाबी गेला नाहीच, उलट सगळीकडे सारखा पसरला. दर रविवारी ते लहान मुलीच्या फ्रॉकच्या रंगात उभे राहून चर्चच्या मंडळीला आशीर्वाद देत होते.

तरी झग्यावर भागलं असतं. पण भांडणाला एकदा तोंड फुटलं की ते झग्यावर कशाला थांबतंय? थोरलीनं पुढ्यात दोन गिऱ्हाइकं उभी असताना म्हटलं, "लक्ष कुठं होतं तुझं? गाण्यात! आणि गाणं तरी कसलं गं तुझं? गाते मी. तू नुसती माझ्यामागून हुं हुं करतेस."

धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी हुं हुं करते? अहो जाऊबाई, गाणं मी गाते! तुम्ही वरून नुसतं नक्षीकाम करता. कुकरच्या शिट्टीसारखं!"

झाला प्रकार तो हा. झगा राहिला बाजूला, आणि देवाच्या घरात खरं गाणं कोण गातं यावरून दोन संसारांचा चहा वेगळा झाला.

आता यात गंमत अशी होती की धाकटी हे मनापासून म्हणत होती. त्या मंडळीत गाणी दोन आवाजांत गात. पहिला आवाज म्हणजे चाल, सगळ्यांना ठाऊक असलेली. दुसरा आवाज तिच्या खालून चालतो, चालीला आधार देतो, फार वर जात नाही, फार खाली येत नाही. धाकटीच्या माहेरी गाण्याचं नाव नव्हतं. तिचे वडील उपासनेत दाढ दुखत असल्यासारखे बसून राहायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिला बाकावर सासूच्या शेजारी बसवलं. सासू दुसरा आवाज गायची. जे कानावर पडलं ते धाकटीनं उचललं, एकूण एक गाणं, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. सासू गेली, तिची जागा धाकटीनं घेतली, आणि तेव्हापासून थोरली वर आणि धाकटी खाली अशी जोडी जमली. इस्त्री करतानासुद्धा. कॉलर, कफ, पाठ, आणि वर गाणं. पुढे थांबलेली गिऱ्हाइकं कपडे घेऊनही जायची नाहीत, म्हणायची कडवं संपू दे.

पण आपण गातो तो दुसरा आवाज आहे हे धाकटीला कुणी सांगितलंच नाही, कारण सांगायला हवं असं कुणाला वाटलंच नाही. तिच्या लेखी तीच चाल. जाऊबाई वर करतात ती हौस.

अबोला सुरू झाल्यावर थोरलीनं आपलं गीतपुस्तक उचललं आणि ती पार मागच्या, दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली. धाकटी पुढच्या बाकावर एकटी. पहिल्या रविवारी तिनं गायला तोंड उघडलं आणि तिला कसंतरीच झालं. सूर तोच, शब्द तेच, पण जिन्याची पुढची पायरी नाही म्हणून पाय हवेतच राहावा तसं होत होतं. थंडीनं घसा बसलाय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

त्यात आणखी एक झालं. ऑर्गनवाल्या बाई कपाटावरची जुनी गीतपुस्तकं काढायला स्टुलावर चढल्या आणि गीतपुस्तकांसकट खाली आल्या. पुस्तकांना काही झालं नाही, बाईंचा हात मोडला. त्या प्लास्टर घालून बहिणीकडे राहायला गेल्या. लहान मुलांच्या रविवारच्या शाळेच्या बाईही त्याच. म्हणजे एका स्टुलानं मंडळीचा ऑर्गनही नेला आणि शाळाही.

ऑर्गनशिवाय गाणं म्हणजे सगळी भिस्त थोरलीच्या गळ्यावर. गळा मोठा खणखणीत, देणगीच म्हणा ना, मागच्या बाकावरून लावलेला सूर वेदीवरच्या मेणबत्त्यांपर्यंत जायचा. पण ती प्रत्येक कडव्याला थोडी थोडी वर चढायची. दुसऱ्या कडव्याला पुरुष मंडळी टाचा उचलायची. तिसऱ्याला सुतारकाका गाणं सोडून नुसते ओठ हलवायचे. चौथ्याला जे काही चालायचं ते गाणं नव्हतं, आग लागल्यावर शेजाऱ्यांना हाका मारतात तसं काहीतरी होतं. धाकटीला मनातून गुदगुल्या व्हायच्या. 'करा म्हणावं नक्षीकाम!'

अशात मंडळीचा वर्धापनदिन आला. त्या दिवशी तिथं एक गाणं म्हणायची रीत होती. मंडळीच्या पहिल्या पाळकांनी रचलेलं, कुठल्या पुस्तकात नसलेलं, वर्षातून फक्त त्या एका दिवशी गायचं. पहिलं कडवं लहान मुलांनी एकट्यांनी म्हणायचं, मोठ्यांनी बसून ऐकायचं; दुसऱ्या कडव्याला सगळ्यांनी उठून मुलांना साथ द्यायची. म्हणजे आपलं गाणं पोरांच्या हातात गेलं, अशी त्यामागची भावना. भावना उत्तम होती, फक्त यंदा पोरांना गाणं शिकवायला कुणी नव्हतं.

पाळकसाहेब गुलाबी झगा हातावर टाकून स्वतः लाँड्रीत आले. "तुम्हा दोघींपैकी कुणी..." असं म्हणून ते दोन टेबलांच्या मधल्या हवेत पाहू लागले. थोरली शर्टाच्या बाहीवर पाणी शिंपडत विचार करत होती, आणि तेवढ्यात धाकटी म्हणाली, "मी शिकवते की! एकटीनं शिकवते. कुणाची गरज नाही."

थोरलीनं इस्त्री जरा जोरात टेकवली. बाहीला घडी पडली ती पडलीच.

धाकटीला वाटलं, बरं झालं. आता कळू दे मंडळीला गाणं कोण गातं ते.

तालीम चर्चच्या मागच्या खोलीत, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या मधोमध. वीस-पंचवीस पोरं. नर्सबाईंची जुळी, सुतारकाकांचे तीन नातू, आणि पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी, जिला सगळे बोळकी म्हणत. पोरांना त्या गाण्याची चाल माहीत असण्याचं कारण नव्हतं. वर्षातून एकदा कानावर पडलेलं कुणाच्या लक्षात राहतं? धाकटीनं ओळ सांगायची, पोरांनी म्हणायची.

"सारे मिळुनी आलो, देवा, सारे मिळुनी आलो,
हात रिकामे घेउनि आलो, ओठी गाणे ल्यालो."

पोरं भराभर शिकली. शिकणार नाहीत तर काय? सूर मुळी तीनच, आणि त्यातला एक फार लांब नाही. धाकटी खूश. फक्त बोळकी एक दिवस हात वर करून म्हणाली, "काकू, हे गाणं चालू कधी होतं?"

"अगं, अर्धं झालंसुद्धा!"

"हो?" म्हणाली बोळकी, आणि विचारात पडली.

घरी धाकटी भांडी घासताना तेच गुणगुणत होती, तर नवरा वर्तमानपत्र खाली करून म्हणाला, "कोण वारलं?" या घरातले पुरुष आणि गाणं यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, म्हणून तिनं तेही मनावर घेतलं नाही.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ऑर्गनवाल्या बाई गळ्यात हात अडकवून परत आल्या आणि तडक तालमीला आल्या. एका खुर्चीवर बसल्या. धाकटीनं हात वर केला, पोरं गायली. एकही चुकलं नाही. धाकटीनं मोठ्या ऐटीत बाईंकडे पाहिलं.

"वा," बाई म्हणाल्या. "खालचा आवाज पक्का झालाय. आता चाल म्हणा."

"हीच चाल."

बाई हसल्या. मग धाकटी हसत नाही हे पाहून थांबल्या. "अगं, हा दुसरा आवाज. तुझ्या सासूबाई अगदी अस्सा म्हणायच्या, तंतोतंत. मला तर त्याच आठवल्या. पण चाल कुठाय?"

"चाल म्हणजे?"

बाईंचा गळा म्हणजे बेडकाचा मावसभाऊ. म्हणूनच तर त्या आयुष्यभर ऑर्गनमागे बसल्या. तरी त्यांनी धाकटीच्या कानाशी येऊन दोन ओळी हळूच म्हणून दाखवल्या. बेडकाच्या गळ्यातूनही धाकटीला ते ओळखू आलं.

"हे तर जाऊबाई म्हणतात ते!"

"मग? तेच तर गाणं आहे, बाई."

धाकटी रचलेल्या खुर्च्यांवर टेकली. इतकी वर्षं. लग्नं, बारशी, मयतं, एवढे रविवार. त्या गात होत्या, आणि मी हुं हुं करत होते. आणि हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. तिचे कान इतके तापले की त्यांवर कॉलर ताठ होऊन निघाली असती.

"हुं हुं नाही गं ते," बाई म्हणाल्या, कारण धाकटी हे सगळं मोठ्यानं बोलत होती. "पण ते एकटं उभं राहत नाही. टेकू आहे तो. टेकूला वर काहीतरी लागतं ना टेकायला?"

मग दोघींनी पोरांना चाल शिकवायचा प्रयत्न केला. अर्ध्या पोरांना थोडी आली, उरलेल्यांना जे येत होतं तेही गेलं, आणि जुळ्यांपैकी एकानं भोकाड पसरलं ते पाहून दुसऱ्यानंही. बाईंनी सुटा हात वर केला. "राहू दे. आहे ते मोडू नको. वरून कुणीतरी मोठ्यानं चाल धरली की झालं. आणि एवढ्या पोरांच्या डोक्यावरून ऐकू जाईल असा गळा मंडळीत एकच आहे."

"माहीत आहे मला."

"मग सांग तिला."

"तुम्ही सांगा ना."

"मी सांगितलं तर म्हणेल, धाकटीला तोंड नाही का? जाऊ तुझी. तू सांग."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. पण हरीची गोष्ट सोपी होती, त्या गाढवानं त्याला चार माणसांत 'हुं हुं करतोस' असं म्हटलेलं नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे इथं गाढवाचं म्हणणं खरं निघालं होतं.

दुपारी लाँड्रीत लॉजच्या चादरी आल्या. शर्ट एकटीनं होतो, पँट एकटीनं होते, पण मोठी चादर घडी करायला दोन माणसं लागतात. अबोल्यातसुद्धा चादरी दोघींनीच घडी केल्या होत्या. चार टोकं धरायची, झटकायची, मधोमध दुमडायची, मग चालत एकमेकींच्या समोर यायचं, नाकाला नाक लागेपर्यंत, टोकं एकीच्या हातात द्यायची, खाली वाकून घडी उचलायची, पुन्हा मागे जायचं. आणि काही बोलायचंच झालं तर चादरीशी बोलायचं. लेकी बोले सुने लागे. इथं लेकीच्या जागी चादर.

धाकटी टोकं धरून पुढे आली आणि चादरीला म्हणाली, "काही कामं दोघींशिवाय होत नाहीत बाई."

थोरली चादरीला म्हणाली, "काही जणींना एकटीनंच सगळं जमतं म्हणे. परवा सांगत होत्या."

मागे गेल्या. पुढे आल्या.

"उद्या पोरांचं गाणं आहे," धाकटी.

"कळलंय सगळ्या गल्लीला," थोरली.

मागे. पुढे.

"पोरं लहान आहेत हो."

"लहानच असतात पोरं."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे असं. धाकटीला स्वतःचाच राग आला. पुढच्या चादरीला, नाकासमोर नाक आलं की चादरबिदर सोडून सरळ 'जाऊबाई' म्हणायचं असं तिनं ठरवलं. ती टोकं धरून निघाली, समोर आली, श्वास घेतला, आणि त्याच क्षणाला थोरली म्हणाली, "त्या पोरांना हुं हुं करायला कोण शिकवतंय, देव जाणे."

थोरलीला तालमीतलं काहीएक माहीत नव्हतं. तिनं आपला जुनाच दगड भिरकावला होता, तो नेमका बसला.

"मीच शिकवतेय," धाकटी म्हणाली. इतकं खरं ती त्या लाँड्रीत कधीच बोलली नव्हती, आणि तिला रडूच कोसळलं. थोरलीला वाटलं टोमणा. धाकटीच्या हातातून टोकं सुटली, चादर ओल्या फरशीवर पडली, मशीनपासून थोरल्या भावानं ओरडून विचारलं काय झालं, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "काही नाही!" चादर पुन्हा धुवावी लागली. बोलणं तिथंच राहिलं.

रविवार उजाडला. चर्च गच्च भरलेलं, पाळकसाहेब वेदीपाशी गुलाबी, ऑर्गनवाल्या बाई पहिल्या बाकावर मोडका हात गळ्यात बांधून, थोरली दाराजवळ मागच्या बाकावर हाताची घडी घालून. सुरुवातीचं गाणं तिनंच उचललं आणि ते चौथ्या कडव्यापर्यंत असं वर गेलं की तिचा स्वतःचा नवराही खाली बसला.

मग पोरं पुढे येऊन तीन रांगांत उभी राहिली. धाकटी त्यांच्याकडे तोंड करून, मंडळीकडे पाठ करून. सकाळी न्हाणीघरात तिनं ती चाल म्हणून पाहिली होती आणि तिला वाटलं होतं, जमतंय. तिनं हात वर केला.

"सारे मिळुनी आलो, देवा..."

पाठीमागे काय चाललंय ते तिला पोरांच्या डोळ्यांत दिसत होतं. मंडळी बस कधी येते अशा चेहऱ्यानं बसली होती. कुणीतरी कुणाच्या तरी कानात विचारलं, "हे कुठलं?" पाळकसाहेब हसू तोंडावर तसंच धरून उभे होते. धाकटीनं चाल धरायला स्वतः तोंड उघडलं, अगदी ठरवून, वरचा सूर मनात पक्का करून. आणि गळ्यातून सासूबाई बाहेर आल्या. तोच खालचा सूर, तस्सा. वर्षानुवर्षं एकाच वाटेनं गेलेला बैल दुसऱ्या वाटेला लागतो का कधी?

दुसऱ्या ओळीला पोरांचे आवाज बारीक झाले. जुळ्यांपैकी एकाचा ओठ थरथरायला लागला. तेवढ्यात बोळकी गायची थांबली आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, अजून चालू नाही झालं!"

मंडळी हसली. वाईट नव्हतं ते हसू, पण पोरांना वाईट-चांगलं हसू वेगळं कळत नाही. सगळी पोरं धाकटीकडे बघायला लागली. आता हिनं काहीतरी करावं, असं बघणं. धाकटीच्या मनात आलं, माझं हसं होऊ दे हवं तेवढं, पण यांचं काय म्हणून? यांनी काय केलंय? मी शिकवलं तेच म्हणताहेत बिचारी.

ती वळली. मंडळीकडे तोंड केलं, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट दाराजवळच्या बाकाकडे पाहिलं.

"जाऊबाई," ती म्हणाली. भर उपासनेत, मोठ्यानं. "मला चाल येत नाही. कधी आलीच नव्हती. मला वाटायचं मीच गाते. गाणं तुम्हीच गात होता. आता या पोरांसाठी म्हणा."

सुतारकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सगळ्या माना मागे वळल्या.

थोरली हाताची घडी न सोडता म्हणाली, "मला म्हणतेस, का चादरीला?"

"तुम्हालाच."

"बरं," म्हणाली थोरली आणि उठली. पर्स उचलली, गीतपुस्तक बाकावर ठेवलं, पुन्हा उचललं, आणि मधल्या वाटेनं पुढे आली. घाईबिई काही नाही. कुठल्याही मोठ्या जावेनं यावं तशी. धाकटीच्या शेजारी उभी राहिली. सासू गेल्यापासून दोघी उभ्या राहायच्या तशीच, खांद्याला खांदा.

"सूर दे," ती हळूच म्हणाली.

"कसला सूर?"

"तुझा गं. खालचा. मला कशावर उभं राहायचं ते नको का कळायला?" आणि मग समोर पाहत, ओठ न हलवता: "तू नसलीस की मी वर वर जाते. आमचे हे म्हणाले, गेल्या रविवारी छताला डोकं आपटलंस. लाज वाटते मला."

धाकटीला हसावं का रडावं कळेना. तिनं दोन्ही थोडं थोडं केलं आणि खालचा सूर दिला. पोरांनी तो उचलला. आणि वरून थोरली आली.

"सारे मिळुनी आलो, देवा, सारे मिळुनी आलो..."

तेच तीन सूर. पोरांनी वेगळं काही केलं नाही, धाकटीनंही नाही. पण सगळ्या मंडळीला एकदम गाणं ओळखू आलं, आणि ते फक्त ओळखीचंही नव्हतं. एवढी पोरं खालून दुसरा आवाज धरताहेत आणि वर एकच गळा चाललाय, असं ते त्या चर्चमध्ये आजवर कुणी ऐकलं नव्हतं. थोरली एक केसभरसुद्धा वर चढली नाही. धाकटीला पायाखालची पायरी परत लागली. पहिल्यांदाच तिनं वरचा आवाज नीट ऐकला, हौस म्हणून नाही, गाणं म्हणून, आणि तिच्या मनात आलं की किती सुंदर आहे हे, आणि मी रोज याच्या शेजारी उभी राहून कधी ऐकलंच नाही.

"झालं चालू!" बोळकी ओरडली आणि पुन्हा गायला लागली.

दुसऱ्या कडव्याला मंडळी उठली. सुतारकाका या वेळी नुसते ओठ हलवत नव्हते. थोरल्या भावालासुद्धा आवाज फुटला, जो फुटला नसता तरी चाललं असतं. ऑर्गनवाल्या बाई सुट्या हातानं बाकाच्या फळीवर न दिसणाऱ्या पट्ट्या दाबत होत्या.

दुसरं कडवं संपलं तेव्हा पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी गुलाबी झग्याच्या आतल्या खिशात हात घातला, किरमिजी रुमाल बाहेर काढला आणि नाक पुसलं. मग रुमाल परत खिशात कोंबला. टोक बाहेर राहिलं.

दोघी जावांनी ते एकदमच पाहिलं.

"खिसे बघायचं काम तुझंच होतं," थोरली ओठ न हलवता म्हणाली.

"बघा, आत्तासुद्धा लोंबतंय," धाकटी म्हणाली. "आंधळ्यालाही दिसेल."

"उद्या झगा पुन्हा धुवायला घेऊ."

"खिसा मी बघते. रुमाल तुम्ही वेगळा काढा."

"बघू. आता सूर दे, तिसरं कडवं आहे."

धाकटीनं सूर दिला.